'लाइक' म्हणजे सारखे

इंग्रजी भाषेत अवघ्या चार अक्षरांचा एक शब्द आहे, 'लाइक'. दिसायला साधा, उच्चारायला सोपा. शाळेत 'आय लाइक मँगो' या वाक्यात त्याची आपली पहिली ओळख होते आणि आपण पाठ करतो, लाइक म्हणजे आवडणे. मग काही दिवसांनी 'ही लुक्स लाइक हिज फादर' असे वाक्य समोर येते. तो बापासारखा दिसतो. येथे आवडीचा काही संबंध नाही. एकाच शब्दाने आवडही सांगायची आणि साम्यही दाखवायचे, हा काय प्रकार, असा प्रश्न तेव्हा मनात येतो. पण परीक्षा तोंडावर असते, म्हणून तो तेथेच राहून जातो. पुढे २००९ साली फेसबुकने अंगठ्याचे बटण काढले आणि हा शब्द घरोघर गेला. आज आमच्या रावेरच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या मावशीलाही 'लाइक कर' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही.

वाचकहो, मी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला इंग्रजी विषय घेऊन शिकते. भाषाशास्त्रातली जाणकार मी मुळीच नव्हे. परंतु गेल्या वर्षभरात या शब्दाने आणि त्याच्या मराठी भावंडाने माझी पाठ सोडलेली नाही. त्याचे कारण पुढे येईलच. आधी शब्दाची थोडी वंशावळ पाहू.

जुन्या इंग्रजीत 'लिक' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ शरीर, देह. इंग्लंडातल्या जुन्या चर्चच्या आवाराला जे छप्पर असलेले दार असते त्याला 'लिच-गेट' म्हणतात. प्रेत आत नेण्यापूर्वी तेथे टेकवीत, म्हणून ते नाव. जर्मन भाषेत आजही प्रेताला 'लाइखे' म्हणतात. या 'लिक'पासूनच 'लाइक' झाला. ज्याचा देह दुसऱ्यासमान, ज्याची घडण दुसऱ्यासमान, तो 'लाइक'. 'फ्रेंडली', 'मदरली' या शब्दांच्या शेपटाला जे 'ली' लागते तेही याच घराण्यातले. म्हणजे 'फ्रेंडली' माणूस हा मुळात मित्राच्या देहाचा, मित्राच्या घडणीचा माणूस. आणि आवडणे? तेही येथूनच आले. जे आपल्या घडणीला जुळते ते आपल्याला रुचते. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत माणूस वस्तूला 'लाइक' करीत नसे; वस्तू माणसाला 'लाइक' होई. आपण 'मला केळे आवडते' म्हणतो तेव्हा वाक्याचा कर्ता केळे असते, मी नसते. इंग्रजांची रीतही एकेकाळी हीच होती. शेक्सपिअरच्या काळापर्यंत ती थोडीफार टिकून होती, पुढे मावळली.

आता आपल्या शब्दाकडे वळू. संस्कृतात 'सदृक्ष', प्राकृतात 'सारिक्ख' आणि मराठीत 'सारखा'. आमच्यापासून जवळच, मध्यप्रदेशच्या हद्दीत बऱ्हाणपूर आहे. तिकडे हिंदीत जो 'सरीखा' ऐकू येतो, तो आपल्या 'सारखा'चा सख्खा भाऊ. या शब्दाच्या पोटात 'दृश्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. समान दिसणारा तो सारखा. इंग्रजाने साम्य ठरवताना देह पाहिला, आपल्या पूर्वजांनी डोळ्यांची साक्ष काढली. आणि आपण बोलताना ज्याला 'सेम टू सेम' म्हणतो, त्यातला 'सेम' तर आपल्या 'सम'च्याच कुळातला आहे. इंग्रजी बोललो अशा ऐटीत आपण तो वापरतो, पण मुळाशी गेले तर घरचाच निघतो!

मात्र डोळ्यांची साक्ष किती धरावी, याला आपल्या इतिहासात एक मोठा दाखला आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी उत्तरेकडून एक मनुष्य आला आणि मीच तो भाऊ, असे सांगू लागला. चेहरा, बांधा इतका मिळताजुळता की भलेभले चकले. त्याच्याभोवती माणसे जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, मोठे बंड झाले. अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. इतिहासात त्याचे नाव 'तोतया' असेच राहिले आणि न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. त्या मनुष्याने 'मी भाऊसाहेबांसारखा आहे' एवढेच म्हटले असते, तर लोक कौतुकाने पाहून आपापल्या घरी गेले असते. 'सारखा' हा शब्द त्याने गाळला आणि सारा अनर्थ झाला. 'भाऊसारखा' आणि 'भाऊ' यांत एका शब्दाचे अंतर आहे. पण ते अंतर राज्य उलटवण्याएवढे आहे.

मराठीत हा 'सारखा' किती कामे करतो पाहा. 'पदर सारखा कर' म्हणजे नीट कर. 'सारखी बडबड करू नको' म्हणजे एकसारखी, न थांबता. 'दोघांना सारखे वाटे' म्हणजे समान. 'पाल बघण्यासारखे आहे' म्हणजे सातपुड्यातले आमच्या तालुक्यातले ते थंड हवेचे ठिकाण बघावे अशा योग्यतेचे आहे. 'माणसासारखा वाग' हे तर आपण माणसालाच म्हणतो! नीटनेटके, अखंड, समान, योग्य, एवढे सगळे अर्थ या तीन अक्षरांत दाटीवाटीने राहतात. म्हणूनच कोणी आपल्याला 'अमक्यासारखा' म्हटले की त्याला यांतला कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे नीट पाहून घ्यावे लागते.

इंग्रजीच्या तासाला 'अ‍ॅज' आणि 'लाइक' यांतला फरक आम्हाला शिकवला जातो. 'ही वर्क्स अ‍ॅज अ क्लार्क' म्हणजे तो कारकून म्हणून काम करतो. तो कारकून आहेच. 'ही वर्क्स लाइक अ क्लार्क' म्हणजे तो कारकुनासारखे काम करतो. पण तो कारकून नव्हे, कदाचित साहेब असेल. मराठीत हा फरक 'म्हणून' आणि 'सारखा' हे दोन शब्द दाखवतात. इंग्रजीत मात्र या दोघांत सीमेचे भांडण फार जुने आहे. १९५४ साली अमेरिकेत विन्स्टन सिगारेटच्या जाहिरातीत व्याकरणाप्रमाणे जेथे 'अ‍ॅज' हवा तेथे 'लाइक' घातला गेला, तेव्हा व्याकरणप्रेमी मंडळी खवळून उठली. सिगारेट प्रकृतीला वाईट की चांगली, यापेक्षा तिच्या वाक्यातले अव्यय बरोबर की चूक, यावर काही काळ जास्त शाई खर्च झाली असावी! शेक्सपिअरने मात्र 'अ‍ॅज यू लाइक इट' या नाटकाच्या नावातच दोघांना शेजारी बसवून ठेवले आहे.

हा व्याकरणातला बारकावा जगण्यातही उपयोगी पडेल, असे मला वाटले नव्हते. पण पडला खरा.

आमची केळीची शेती आहे. मला भाऊ नाही; आम्ही दोघी बहिणी. मागच्या उन्हाळ्यात वडिलांच्या पाठीचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी त्यांना तीन महिने शेतात जायची मनाई केली. बाग तर ऐन भरात. ज्यांनी आमच्याकडचा वैशाख पाहिला आहे त्यांना सांगायला नको की पाण्याची एक पाळी चुकली तरी केळीचे पान माना टाकते. आमच्या फिडरला वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची. तेव्हा रात्री उठून मोटार चालू करणे, ठिबकचे व्हॉल्व फिरवणे, खते सोडणे, घड कापणीला आले की मजूर सांगणे, काट्यावर उभे राहून वजन लिहून घेणे, भावाची घासाघीस करणे, हे सगळे मी केले. आई आणि धाकटी बहीण सोबतीला होत्या. यात काही मोठा पराक्रम केला असे मला वाटत नाही. आमच्या तालुक्यात बायका शेतात राबत आल्याच आहेत. फक्त काट्यावर आणि व्यापाऱ्यासमोर त्या सहसा उभ्या राहत नाहीत, एवढेच.

गावात मात्र कौतुक झाले. आजी दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "आमची नात नातवासारखी हाये बरं! केयीचं समदं तिनंच पाह्यलं." शेजारचे काका म्हणाले, "पोरगी मुलासारखी उभी राह्यली." मला बरे वाटले. का वाटू नये? आजीच्या तोंडून एवढे शब्द निघणे ही आमच्या घरात लहान गोष्ट नाही. त्या वेळी 'सारखी' हा शब्द मला शालीसारखा वाटला, अंगावर घेतला की ऊब देणारा.

दिवाळीनंतर घरात वाटणीचा विषय निघाला. वडील आणि काका यांची जमीन अजून एकत्र आहे. बैठकीत चार वडीलधारे आले होते. एकाने सुचवले की वाटणी करायची तर करा, पण थोरल्याला मुलगा नाही, तेव्हा त्याची जमीन पुढेमागे पुतण्याच्या नावावर जावी, म्हणजे घरची घरात राहील. पोरींची लग्ने चांगली करून द्यावीत. कोणी तरी माझे नाव घेतले. तेव्हा ते गृहस्थ, ज्यांनी उन्हाळ्यात माझे सर्वांत जास्त कौतुक केले होते, अगदी प्रेमाने म्हणाले, "पोरगी मुलासारखी हाये, कबूल. पन मुलगा तं नाही ना?"

त्यांच्या मनात कपट होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी व्याकरण अगदी बरोबर वापरले. जो 'सारखा' असतो तो 'तो' नसतो. ऊब देणारी शाल तीच होती. फक्त आता तिचे दुसरे टोक त्यांच्या हातात असल्याचे मला दिसले.

त्या रात्री अलंकाराचे पुस्तक आठवले. शाळेपासून आपण शिकतो की उपमेचे चार भाग: उपमेय, उपमान, दोघांत समान असलेला धर्म आणि 'सारखा', 'जसा', 'गत' असा साम्य सांगणारा शब्द. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात उपमेचे लक्षण सांगताना एक अट घातली आहे: साम्य असावे, पण भेदही असावा. दोन वस्तू वेगळ्या असतील तरच उपमा संभवते. आणखी एक गोष्ट अशी की, उपमान हे नेहमी मोठे धरलेले असते. मुख चंद्रासारखे म्हणायचे, चंद्र मुखासारखा नव्हे. उलटे म्हटले तर त्याला वेगळे नावच आहे, प्रतीप. माप चंद्राचे, मोजायचे मुख. 'मुलगी मुलासारखी' यात माप कोणाचे आहे, हे मला तेव्हा लख्ख दिसले. आईचे आजारपण प्रेमाने काढणाऱ्या मुलाला 'हा मुलीसारखा आहे' असे कौतुकाने म्हणताना आपण किती वेळा ऐकतो? पुष्कळदा ते वाक्य हिणवण्यासाठीच वापरतात. म्हणजे साम्य दोघांत असते, पण वाट एकेरी असते.

यावर आमच्याच मातीतले एक उत्तर आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांनी उपमेसाठी चंद्रकमळांकडे धाव घेतली नाही. चूल, तवा, मोट, शेतातले ढोर ही त्यांची मापे. ज्या वस्तूंना कोणी मोठे मानत नव्हते त्यांना त्यांनी उपमानाच्या पाटावर बसवले आणि संसार व मन यांसारख्या मोठ्या गोष्टी त्या मापाने मोजल्या. माप कोणाचे घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क आपलाही आहे, हे मला त्यांच्याकडून कळले.

शेताने दुसरी एक गोष्ट शिकवली. रस्त्यावरून जाणाऱ्याला केळीची बाग एकसारखी दिसते. आणि आजकालची ऊतिसंवर्धित रोपे खरोखरच एका देहाची असतात. 'लाइक'चा जुना अर्थ त्यांना तंतोतंत लागू पडतो. आमची जुनी बसराई काय आणि आताची ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या. एकसारखा माल निघतो, बाजाराला तो हवा असतो. पण यातला धोकाही जगाने पाहिला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी बाजारात ग्रो मिशेल या एकाच जातीचे राज्य होते. पनामा रोग आला आणि सगळी झाडे एकाच घडणीची असल्याने मळेच्या मळे बसले. त्यानंतर कॅव्हेंडिश पुढे आली. सारखेपणा हा मालाचा गुण असेल, पण तो जगण्याची हमी देत नाही. आणि खरे सांगायचे तर सारखेपणा लांबूनच दिसतो. बांधावर उभे राहिले की माझे वडील कोणती ओळ पाण्याला हावरी आणि कोणत्या खोडाला आधार हवा, हे न चुकता सांगतात.

कायदा काय म्हणतो तेही मी शोधले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत ती जन्माने वाटेकरी नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली तो हक्क दिला, मात्र तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५च्या दुरुस्तीने तो देशभर, लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्यांना मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही, कारण तो जन्माने आलेला आहे. या दुरुस्तीची भाषा मी मूळ इंग्रजीत वाचली. मुलगी जन्मतः स्वतःच्या हक्काने सहदायाद होते, आणि मुलगा ज्या रीतीने होतो त्याच रीतीने होते, असा तिचा आशय आहे. नीट पाहा. तेथे 'लाइक' नाही. तुलना आहे ती फक्त रीतीची. हक्क मात्र स्वतःचा. मुलासारखे काम केले तर मिळेल, अशी अट त्यात कोठेही नाही. रात्री मोटार चालू न करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीलाही तो तितकाच आहे.

माझ्या आत्याने काही वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही केली आहे. का केली, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "माहेर तुटू नये म्हनून." तिच्या या 'म्हणून'पुढे मला बोलता आले नाही. कायद्याचे पुस्तक एका बाजूला आणि राखीपौर्णिमेला उघडणारे दार दुसऱ्या बाजूला, अशी तिची परिस्थिती होती. तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या घरात मुलीला येण्यासाठी जमिनीची किंमत मोजावी लागते, त्या घराने 'आम्ही मुलगा-मुलगी सारखेच मानतो' असे म्हणताना थोडे थांबावे, असे मात्र वाटते.

बैठकीत माझे वडील बराच वेळ गप्प होते. पाठीला पट्टा होता, भिंतीला टेकून बसले होते. मग ते एवढेच म्हणाले, "ती मुलासारखी हाये म्हनून मी तिचं नाव लावा म्हनत नाही. माही पोरगी हाये म्हनून म्हनतो." माझ्या वडिलांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. 'अ‍ॅज' आणि 'लाइक' यांतला भेद त्यांना कोणी फळ्यावर लिहून दिलेला नाही.

वाटणीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. काकांचा अबोला आहे, आजी दोन्हीकडून रडते, आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरायची आहे. काय होईल ते होवो. पुतण्याशी, म्हणजे माझ्या चुलतभावाशी, माझे भांडण नाही. लहानपणी आम्ही एकाच झोक्यावर वाढलो. त्याचा वाटा मला नको आहे. फक्त माझा वाटा मला कौतुकाचे बक्षीस म्हणून नको आहे.

मित्रमैत्रिणींनो, 'सारखा' हा शब्द वाईट नाही. त्याच्यावाचून ना कविता होईल, ना माया सांगता येईल. सासूला 'आईसारखी' म्हणताना आणि परक्या मुलाला 'लेकासारखा' म्हणताना आपण दोन वेगळ्या माणसांत एक साकव टाकतो. साकव हवाच. पण साकव असतो तेथे मध्ये ओढाही असतो, हे विसरू नये. पुढच्या वेळी कोणी एखाद्या मुलीला मुलासारखी म्हणेल तेव्हा त्याच्या मायेबद्दल आभार जरूर मानावेत. आणि मग शांतपणे सांगावे, की मी मुलीसारखी आहे. अलंकारशास्त्रात यालाही नाव आहे: अनन्वय. जेथे वस्तूची तुलना तिच्याशीच करावी लागते, कारण दुसरे माप पुरे पडत नाही.